वारा नसताना येणारं पाणी

अक्का,

आज सकाळपासून वारा पडला आहे. घरामागं उजनी धरणाचं पाणी ताटात ओतल्यासारखं गप्प पसरलंय. पूर्वी असा दिवस मला बरा वाटायचा. वारा सुटला की मी मागची खिडकी लावून घ्यायचे, कारण तिकडून पाणी दिसतं. तू चेष्टा करायचीस, "खिडकी लावून पाणी जातं व्हय गं?" आता सगळं उलटं झालंय. वारा पडला की मी उठून खिडकी उघडून बघते. हे तू करून ठेवलंस, आणि तक्रार करायला तू जागेवर नाहीस.

तू गेल्याला अजून महिना झाला नाही. माणसं येतात, बसतात, चहा घेतात आणि दबकत विचारतात, "समुद्रावरच गेल्या का हो?" मी सांगते, नाही, घरात. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं, डोक्यातली शीर फुटली. त्यांना ते पटत नाही. इतकी वर्षं होड्यांतून फिरलेली बाई शेगडीपाशी कशी जाईल, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मलाही कुठं पटतंय? तू गोव्याला समुद्राचं पाणी मोजायच्या नोकरीला लागलीस त्या दिवसापासून मी समुद्राला भीत आले. बातम्यांत वादळाचं नाव आलं की तुला फोन लावत आले. सगळी राखण एका बाजूला केली आणि तू भलत्याच बाजूनं गेलीस.

माझी भीती कुठं सुरू झाली ते तुला माहीत आहे. तू तिथंच होतीस.

दिवाळी झाली की मोरगावच्या माळावरचं गवत संपायचं आणि आबा मेंढरं घेऊन घाट उतरायचे. त्या वर्षी आईचं बाळंतपण मामाकडं होतं म्हणून आपल्या दोघींना त्यांनी बरोबर घेतलं. कोकणातल्या त्या खाडीचं नावसुद्धा मला आठवत नाही. आठवते ती चिखलाची वाट आणि पलीकडच्या माडांची रांग. तिथल्या माणसानं आबांना सांगितलं होतं, ओहोटी आहे, गुडघ्याच्या वर पाणी लागणार नाही. आबांनी पाण्यात काठी घालून बघितली. "चला," म्हणाले. "मेंढरं थांबवू नका."

निम्म्यात पोचलो आणि पाणी वाढायला लागलं. लाट आली नाही, आवाज झाला नाही. माझ्या गुडघ्याला होतं ते मांडीला लागलं, मांडीचं कमरेला. आबांनी मला उचलून खांद्यावर टाकलं. तू आपल्या सामानाच्या घोडीची शेपटी धरलीस. मी वरून बघत होते. मागच्या कोकरांची तोंडं पाण्याच्या वर होती, मग नाकं राहिली, आणि मग नुसतं पाणी. एकही ओरडलं नाही. त्यांना बहुतेक कळलंच नसावं. मला आजही सगळ्यात जास्त भीती त्या शांतपणाची वाटते.

पलीकडं आबा ओल्या धोतरानं बसून राहिले. तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस. दात वाजत होते तुझे, पण विचारलंस, "आबा, वारा न्हाय, पाऊस न्हाय. मग पानी आलं कुठनं?"

आबा म्हणाले, "आलं कुठनं तरी. जीव वाचला न्हवं? गप बस."

मी गप्प बसले, अक्का, ती आजवर. तू नाही बसलीस. बारामतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलंस तेव्हा घरात कुणाला कळलं नाही हे कशासाठी. हॉस्टेलवरून सुट्टीला आलीस की आबांना पुन्हा विचारायचीस, चंद्र कसा होता, पाणी निवळ होतं का गढूळ, आधीचे तीन-चार दिवस हवा कशी होती. आबा वैतागायचे. "एवढी शिकून त्याच खाडीत परत निघाली काय गं ही?" असं आईला म्हणायचे. आणि खरंच तू तिकडंच निघाली होतीस.

तू काय शोधत होतीस ते मला कळायला फार उशीर लागला. माझं लग्न इंदापूर तालुक्यात झालं, शाळाही इथलीच मिळाली, आणि नशीब असं की घर धरणाच्या पाण्याला लागून. एका उन्हाळ्यात तू आली होतीस. संध्याकाळी आपण तिघं काठावर बसलो होतो. समोरून वारा येत होता, लाटा दगडांवर आपटत होत्या. करमाळ्याकडून येणारी लाँच वर-खाली होत होती आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. ह्यांनी तुला सहज विचारलं, "अक्का, समुद्राच्या लाटा ह्याच्यापेक्षा किती मोठ्या म्हणायच्या?"

तू म्हणालीस, "दत्ताराव, दिसणारी लाट सोडा. ती वाऱ्यानं उठती, वारा थांबला की इथं तासाभरात पाणी बसतं. मी ज्या लाटेच्या मागं हाय ती डोळ्याला दिसतच न्हाय."

"न दिसणारी लाट असती व्हय?"

मग तू मातीत काडीनं भारताचा किनारा काढलास. खाली कन्याकुमारी. म्हणालीस, समजा इथं चार दिवस जोराचा वारा लागला. तो पाण्याला किनाऱ्याकडं रेटतो. पाणी साठतं, उंच होतं, फार नाही, वीतभर. वारा थांबला की त्या पाण्याला परत समुद्रात पसरायचं असतं. पण पृथ्वी फिरते, आणि तिच्या फिरण्यानं आपल्या अर्ध्या जगात चालणारं पाणी उजवीकडं वळतं. उजवीकडं तर किनारा. मग ते साठलेलं पाणी किनाऱ्याला अंग घासत वर सरकायला लागतं. केरळ, कर्नाटक, गोवा, रत्नागिरी. मोठ्या समुद्रात जात नाही, किनारा सोडत नाही. बंगालच्या उपसागरात उठलेलंसुद्धा लंकेला वळसा घालून इकडं येतं.

"बांध धरून चालणाऱ्या मेंढरासारखं," हे म्हणाले.

"तसंच," तू हसलीस. "आन ज्या गावाला ते पोचतं तिथं त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नसंल. तिथला माणूस आभाळाकडं बघून म्हणतो, आज काय भ्यायचं कारण न्हाय."

तू माझ्याकडं बघितलंस. मला खाडी दिसली, कोकरांची नाकं दिसली. मी उठून घरात गेले आणि पिठलं टाकायला घेतलं. तू मागून आलीस. "मला वाटलं, कारण कळलं की तुझी भीती कमी हुईल," म्हणालीस. मी म्हणाले, "वाढली. आधी वारा असला की भ्यायचे, आता नसला तरी भ्यायचं?" तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. जेवताना म्हणालीस, "मी पण भिते गं. होडीत पाय ठेवताना दर वेळी भिते." मला ते खोटं वाटलं होतं, माझी समजूत घालायला म्हणालीस असं.

मागच्या हिवाळ्यात ऋतुजाची सहल कोकणात गेली. बारामतीच्या कॉलेजची चाळीस-पन्नास पोरं, दोन सर, एक मॅडम. जाऊ द्यायचं नाही म्हणून मी खूप नाटकं केली, पण लेक ह्यांच्यावर गेली आहे, हसत हसत हवं ते करून घेते. पौर्णिमेचा दिवस होता. मी शाळेत होते, मधली सुट्टी व्हायची होती. तुझा फोन आला तो दुसऱ्याच कशासाठी, आईच्या चष्म्याचं काहीतरी. बोलता बोलता मी म्हणाले, ऋतुजानं आत्ताच फोटो पाठवलाय, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर चूल मांडलीय, तिथंच जेवणार आहेत.

तू चष्म्याचं अर्धवट सोडलंस. मग विचारलंस, "दांडा म्हंजे? एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र?"

"व्हय. छान दिसतंय. ऊन पडलंय, वारा अजिबात न्हाय."

"तिला फोन लाव," तू म्हणालीस. "आत्ता. सगळ्यांना घेऊन गावाच्या बाजूला यायला सांग. भांडी राहू दे."

"का? काय झालं?"

"खाली चार दिवस वारा होता. काल आमच्या हितं पाणी वीतभर चढलं, आज तिकडं पोचणार. त्यात पुनवेची भरती. दांडा बुडंल का न्हाय मला म्हाईत न्हाय, पण मागची वाट आधी बुडंल. तू लाव, मी पण लावते."

मी शाळेच्या मैदानात आले. पोरांचे पाढे चालले होते. फोन लावला तर बाई सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अक्का, त्या वेळची भीती मला कुणालाच सांगता आली नाही. माझ्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतं, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि मला माहीत होतं की माझ्या लेकीकडं पाणी निघालंय. पूर्वी कधी असं आधी माहीत नसायचं. न कळता येणारं संकट बरं, असं त्या क्षणी वाटलं. मी तुझा रागसुद्धा केला, हे कशाला सांगितलंस म्हणून.

तुझा फोन आधी लागला. नंतर, मी मैदानातच असताना, ऋतुजानं फोन करून सगळं सांगितलं. सरांनी भरतीचं वेळापत्रक बघूनच जागा धरली होती. ते म्हणाले, "अगं, पाणी इथवर येत नाही. गावातल्यांनाही विचारलंय." तिनं फोन स्पीकरवर टाकला. तू सरांना एवढंच म्हणालीस, "सर, वेळापत्रक बरोबर आहे. ते चंद्र-सूर्याचं पाणी सांगतं. वाऱ्यानं आणलेलं पाणी त्यात नसतं. मी चुकले तर पोरं अर्धा तास उशिरा जेवतील." सर भले माणूस, त्यांनी ऐकलं. पोरं कुरकुरत अर्धा शिजलेला भात उचलून निघाली.

गावच्या बाजूला पोचून त्यांनी पुन्हा चूल पेटवली आणि तेवढ्यात एकानं मागं बोट दाखवलं. ज्या ओल्या वाटेनं ते आले होते तिथं पाणी होतं. लाट नव्हती. पाणी दोन्हीकडून हळूहळू आत सरकत होतं. दांडा बेट झाला, मग बेट बारीक होत गेलं. पहिल्या चुलीच्या दगडांभोवतीही पाणी फिरलं. ऋतुजा म्हणाली, "आई, एवढं शांत होतं की आम्हाला ते बघताना पण कळत नव्हतं."

'शांत' हा शब्द ऐकून मी मैदानातच खाली बसले. चौथीच्या पोरी धावत आल्या, "बाई, काय झालं?" मी सांगितलं, काही नाही, चक्कर आली. संध्याकाळी तुला फोन केला. आभार मानायचे होते आणि मला रडूच येत होतं. तू म्हणालीस, "रडू नको. मला पण आत्ताच जेवण गेलंय." मग म्हणालीस, "आबा असते तर सांगितलं असतं, पानी कुठनं आलं ते."

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण ऋतुजानं महिन्याभरात जाहीर केलं की बीएस्सी झाली की ती मावशीकडं जाणार, समुद्राचं शिकणार. आणि आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही.

मी म्हणायचे, "तुझ्यामुळं वाचली, आन आता तुझ्यामुळंच पाण्यात जाणार?"

तू म्हणायचीस, "माझ्यामुळं न्हाय. तिनं डोळ्यानं बघितलं म्हणून."

"बघितलं म्हंजे लांब पळायला पाहिजे."

"तू लांबच हायेस की. भीती गेली का?"

मग मी तुला लागेल असं बोलायचे. तुला लेकरू नाही, तुला काय कळणार, इथवर गेले एकदा. तू फोन ठेवला नाहीस. उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज माझ्या फोनमधून तुला ऐकू जात होता. तू विचारलंस, "कारखाना चालू झाला वाटतं?" असा विषय बदलायचीस तू. त्या शेवटच्या रविवारी पुन्हा तेच निघालं. तू म्हणालीस, "आज डोकं दुखतंय गं, भांडायला जोर न्हाय. पुढच्या महिन्यात येते, मग समोरासमोर बसून भांडू. पण तू एकदा तरी हितं ये. पाण्याजवळ उभी राहा आन मग न्हाय म्हण. मी ऐकीन."

मी म्हणाले, "बघू." आपलं शेवटचं बोलणं 'बघू' वर थांबलं.

डॉक्टरांना मी विचारलं, त्या डोकेदुखीवरून काही कळलं असतं का. ते म्हणाले, सांगता येत नाही. तुझ्या लाटेशी ह्याची तुलना करायचा मोह मला होतो, पण तू रागावशील. तुला उपमा देऊन बोलणारी माणसं आवडायची नाहीत. म्हणायचीस, जे आहे ते आहे तसं सांगा. तर आहे ते असं, की तू नाहीस, आणि माझ्या लेकीकडं निघालेलं पाणी आता मला कोण सांगणार, ह्या विचारानं मला झोप लागत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं गोव्याला आलो, तुझी खोली आवरायला. तुझ्या हाताखाली काम करणारी शिल्पा आली होती. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं तुझ्या साड्यांच्या घड्या घातल्या, मी भांडी बांधली. एका पिशवीत तुझं लाल जॅकेट निघालं, बुडू नये म्हणून होडीत घालायचं, पुढून पार विटलेलं. शिल्पा म्हणाली, "मॅडम ते जेटीवरसुद्धा काढत नव्हत्या. आम्ही हसायचो. म्हणायच्या, हसा, मला पाण्याची भीती वाटते." म्हणजे ते खरं होतं, अक्का. तू माझी समजूत घालत नव्हतीस. आपण दोघीही त्या खाडीतून घाबरूनच बाहेर आलो होतो, आणि मला वाटत राहिलं की मी एकटीच.

शिल्पाला जेटीवर, होड्यांच्या धक्क्यावर, जायचं होतं. पाण्याची उंची मोजणाऱ्या नळीला शिंपले धरतात, ते खरवडावे लागतात, आणि ते काम तू कुणावर सोडायची नाहीस म्हणे. ऋतुजा लगेच म्हणाली, मी येते. हे माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणाले, "मी पण येते." माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

खाडीत कोकरं गेली त्यानंतर मी पहिल्यांदा समुद्रासमोर उभी होते. फळ्यांमधून खाली हिरवं पाणी दिसत होतं. मी मधोमध चालत होते, खांबाला धरून उभी राहिले. शिल्पा आणि ऋतुजा शिडीवर उतरल्या तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, हे तुला सांगायला हरकत नाही. खरवडल्याचा आवाज येत होता, आणि मधेच ऋतुजाचं हसू.

वर आल्यावर मी शिल्पाला विचारलं, "आता काही येतंय का? दक्षिणेकडनं?"

ती चपापली. मग म्हणाली, "येतंय, मावशी. खाली वारा होता. परवा दुपारपर्यंत इथं पोचायला हवं. फार नाही, चार बोटं."

आमची परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. बारामतीला लेकीचं कॉलेज, इंदापूरला माझी शाळा, ऊस तोडायला आलेला. मी म्हणाले, "परवापर्यंत थांबू." हे फोन घेऊन बाजूला गेले, माझी रजा आणि ऊसतोडीची टोळी दोन्हीची व्यवस्था लावायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा जेटीवर. वारा नव्हता. लांब एक होडी जागच्या जागी होती, तिच्या शिडाचं कापडसुद्धा हलत नव्हतं. शिल्पानं खांबावर खडूनं रेघ ओढली. "तक्त्याप्रमाणे आजची भरती इथं थांबायला हवी," म्हणाली. आम्ही वाट बघत बसलो. पाणी रेघेपाशी आलं. थांबलं असं वाटलं. मग खडूचा खालचा काठ भिजला, मग रेघ गेली, आणि पाणी तिच्यावर चढत राहिलं, आवाज न करता, चार बोटं.

"आई, आली," ऋतुजा म्हणाली आणि बघायला पुढं वाकली.

मी तिचा हात धरलेला होता. तो मी सोडला नाही, अक्का. पण मागंही ओढला नाही.